डिस्ने वर्ल्डला जेवणाची टेबलं ६० दिवस आधी धरावीत का? भुसावळच्या एका आजीचा अनुभव

भुसावळच्या रेल्वे आरक्षण खिडकीमागे मी २९ वर्षं बसले. त्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, आत्ताच काढून ठेवू का, की वेळेवर मिळून जाईल?" याचं सरसकट उत्तर मी कधीच दिलं नाही. गाडी कोणती, दिवस कोणता, माणसं किती, सोबत म्हातारं माणूस आहे की लेकरू, हे विचारल्याशिवाय ते देताच येत नाही. यंदा जूनमध्ये लेक, जावई आणि दोन नातवंडांबरोबर आम्ही दोघं फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला पाच रात्री राहून आलो. परत आल्यापासून ज्यांची पोरं अमेरिकेत आहेत अशी ओळखीतली चार-पाच कुटुंबं मला तोच प्रश्न विचारून राहिली आहेत, फक्त गाडीच्या जागी हॉटेल आलंय. टेबलं दोन महिने आधी धरावी लागतात हे खरं का? नाही धरली तर उपाशी राहू का? शाकाहारी माणसाने एवढी धडपड करावी का? प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

आधी पद्धत सांगते, कारण तिच्यातच अर्धं उत्तर आहे. डिस्ने वर्ल्डची चार उद्यानं आहेत आणि राहण्याची त्यांचीच बरीच हॉटेलं. या सगळ्यांत जेवायच्या जागा दोन प्रकारच्या. एक काउंटरवरून ताट उचलून आणायच्या, दुसऱ्या बसल्या जागी वाढून मिळणाऱ्या. आगाऊ आरक्षण या दुसऱ्या प्रकाराचं. ते ६० दिवस आधी, तिथल्या सकाळी सहाच्या सुमारास, संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर उघडतं. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. आपल्या रेल्वेचंही आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० वर आलं, त्यामुळे हा आकडा मला लगेच ओळखीचा वाटला.

पण दोन फरक आहेत. पहिला, डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्याला आगमनाच्या ६० दिवस आधी, त्याच एका सकाळी, पुढच्या मुक्कामाची (दहा दिवसांपर्यंत) सगळी जेवणं धरता येतात. म्हणजे पाचव्या दिवसाचं टेबल तो प्रत्यक्षात ६४ दिवस आधी धरतो. बाहेर उतरलेल्यांना तेव्हा त्या तारखेची खिडकीच उघडलेली नसते. म्हणून मिळायला अवघड असलेलं टेबल मुक्कामाच्या शेवटाकडे टाकावं. दुसरा फरक पैशाचा. रेल्वेचं तिकीट काढतानाच पैसे भरावे लागतात आणि रद्द केलं की काही कापले जातात. इथे कार्डाचा नंबर द्यायचा, आणि बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. न सांगता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर. सोडायला फुकट आहे म्हणून लोक भरमसाठ धरून ठेवतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात, शेवटच्या दिवशी, शेवटच्या दोन-तीन तासांत सोडतात. हे ज्याच्या ध्यानात आलं त्याची निम्मी काळजी मिटते. वेटिंगचं तिकीट कन्फर्म कसं होतं हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलंय त्याला ते लवकर कळतं.

आमची आगमनाची तारीख ९ जून होती. ६० दिवस मागे मोजले तर १० एप्रिल, महावीर जयंतीचा दिवस. लेक अटलांटाला असते, तिची तेव्हा पहाटेची ड्युटी होती, म्हणून हे काम मी अंगावर घेतलं. भुसावळात एप्रिलची दुपार, खिडक्यांना ओले पडदे, कूलरसमोर बसून मी सव्वातीनलाच लेकीच्या खात्यात शिरून ठेवलं होतं. सासूबाई शेजारी बाजेवर पडल्या होत्या. त्या अमळनेरकडच्या, घरात अहिराणी बोलतात. काय चाललंय ते सांगितल्यावर म्हणाल्या, "दोन महिना नंतरनी भूक आते कशी सांगानी वं माय?" मी तेव्हा हातातल्या कामात होते, उत्तर दिलं नाही. पण पुढचे दोन महिने ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि आज विचाराल तर या सगळ्या प्रश्नाचं मूळ तेच आहे.

त्या दुपारी मी पाच टेबलं धरली. मिकी माऊस आणि मंडळी प्रत्यक्ष भेटायला येतात ते शेफ मिकीज, १० तारखेच्या नाश्त्याला. सनाआ नावाचं आफ्रिकी-भारतीय धाटणीचं हॉटेल, ११ च्या संध्याकाळी. साय-फाय डाइन-इन, जिथे मोटारीच्या आकाराच्या टेबलांत बसून जुन्या चित्रपटांचे तुकडे पाहत जेवतात, १२ च्या दुपारी, कारण सात वर्षांच्या नातवाला मोटारींचं वेड. एपकॉट या उद्यानातलं जपानी हॉटेल टेप्पान एडो १३ ला. आणि १० च्याच रात्री मॅजिक किंगडम या उद्यानात आणखी एक. नातीला सिंड्रेलाच्या राजवाड्यात जेवायचं होतं, पण तिथे सहाजणांचं टेबल कोणत्याच वेळेला दिसेना. सहाजणांचं टेबल हे एका डब्यात सहा बर्थ एकत्र मागण्यासारखंच आहे. चौघांचं आणि दोघांचं वेगवेगळं शोधलं तर बरेचदा मिळतं, पण नात चार वर्षांची, तिने राजकन्येला भेटायचं आणि आजोबांनी भिंतीपलीकडे बसायचं, यात काय अर्थ? ते सोडून दिलं.

आठवड्याने भावजयीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "वटपौर्णिमेला तुम्ही तिकडेच असाल ना?" मी दिनदर्शिका काढली. वटपौर्णिमा १० जूनला. माझा उपास, आणि त्याच दिवशी मी सकाळी बुफे आणि रात्री पूर्ण जेवण धरून ठेवलेलं. बुफेला माणशी दर असतो, खा की नका खाऊ. लेक म्हणाली, "आई, एक दिवस तिकडे नाही केलास तर काय होतं?" काही होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण ३६ वर्षं केलेला उपास केवळ टेबल धरलंय म्हणून मोडायचा, हे मला पटेना. जेवणाची तारीख आपण ठरवायची. आधीच ठरलेल्या तारखेने आपला दिवस ठरवायचा नाही. म्हणून पहिली गोष्ट सांगते: त्या ६० दिवस आधीच्या दुपारी बसताना शेजारी पंचांग ठेवा. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, घरातली श्राद्धतिथी, गोळ्या-औषधांच्या वेळा, सगळं कागदावर मांडा आणि मग खात्यात शिरा.

रात्रीचं टेबल लगेच सोडलं. शेफ मिकीज सोडवेना, कारण नातवंडांना ते सांगून झालं होतं. शेवटच्या दिवशी, १४ तारखेला सकाळी, हलवायचं ठरवलं, तर त्या दिवसाचं भरलेलं. मग मी रोज जेवणानंतर एकदा बघायला लागले. हे शेफ मिकीज कंटेम्पररी नावाच्या त्यांच्या हॉटेलात आहे, उद्यानात नाही, त्यामुळे त्या दिवसाचं उद्यानाचं तिकीट लागत नाही आणि परतीच्या दिवशी ते बरोबर बसतं. कितीतरी दिवस काही नाही. अटलांटाला पोहोचल्यावर, निघायच्या तीन दिवस आधी, सकाळी ९ वाजून २० मिनिटांचं सहाजणांचं टेबल समोर आलं. मी ते घेतलं आणि १० तारखेचं त्याच मिनिटाला सोडलं. सोडायला उशीर करू नका. नको असलेलं टेबल शेवटच्या क्षणापर्यंत दाबून ठेवणारे पुष्कळ असतात. आपल्यासारखीच कोणीतरी आजी कुठेतरी रोज बघत बसलेली असते.

आता एकेक जेवण कसं झालं ते सांगते.

मुक्काम आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या त्यांच्या हॉटेलात होता. तिथे सहाजणांना पुरेल अशी कुटुंबाची खोली मिळते आणि तिच्यात छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असतो. खानदेशी कुटुंबासाठी याचं मोल मला कुठल्याही टेबलापेक्षा जास्त वाटलं. अटलांटाहून निघताना मी लेकीच्या स्वयंपाकघरात दशम्या करून घेतल्या होत्या, सोबत बिबड्या (ज्वारीचे पापड), लाल शेव, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू. डिस्नेच्या उद्यानांत घरचं खाणं नेऊ देतात. काचेची बरणी आणि दारू चालत नाही. प्रवेशापाशी पिशवी उघडून बघितली, स्टीलचा डबा पाहिला आणि पुढे जाऊ दिलं. काउंटरच्या ठिकाणी बर्फाच्या पाण्याचा ग्लास मागितला की फुकट मिळतो. हे दोन नियम बऱ्याच जणांना माहीत नसतात, आणि म्हणून "टेबल नाही म्हणजे उपास" अशी भीती बसते.

वटपौर्णिमेचा दिवस मॅजिक किंगडममध्ये गेला. सकाळी खोलीत नातीने कागदावर वड काढला, पारंब्या हिरव्या रंगवल्या, त्याला सूत गुंडाळून पूजा केली. दिवसभर उकडलेले बटाटे, दाण्याचे लाडू आणि काउंटरवर मिळालेली फळं. बाकीच्यांनी अ‍ॅपवरून काउंटरचं जेवण मागवलं. त्या दिवशी आमच्याकडे एकही टेबल नव्हतं, आणि पाच दिवसांतला सगळ्यात मोकळा दिवस तोच. परेड लागली तिथे थांबलो, नात झोपली तिथे सावलीत बसलो.

अ‍ॅपवरून मागवण्याबद्दल थोडं सांगते, कारण खरी आरक्षणाची सवय मी म्हणेन तर हिची लावा. पदार्थ निवडायचे, पैसे भरायचे, किती वाजता येणार ते निवडायचं, आणि ठिकाणापाशी पोहोचलो की "आलो" असं बटण दाबायचं. मग ते ताट तयार करायला घेतात. दुपारी बारा ते दीडच्या वेळा लवकर संपतात, म्हणून सकाळी पहिल्या रांगेत उभ्या उभ्याच दुपारचं सांगून ठेवावं. बेत बदलला तर बटण दाबायचंच नाही. अ‍ॅनिमल किंगडममध्ये पँडोरा हा भाग २०१७ साली उघडला, तिथे सातुली कँटीन आहे. भात, कडधान्य, भाज्या आणि वर तळलेला तिखटसर टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, असा वाडगा आम्ही असाच मागवला. सफारीच्या रांगेत असताना सांगितलं आणि साडेअकराला हातात आलं. आमच्या यांना टोफू म्हणजे काय हे आधी माहीत नव्हतं, पण संपूर्ण वाडगा खाल्ला आणि अर्धा नातीचाही.

शाकाहारींसाठी आणखी एक. तिथल्या मेनूवर काही पदार्थांपुढे पानाची खूण असते. त्याचा अर्थ मांस, अंडं, दूध, मध यातलं काही नाही. ही खूण २०१९ पासून सुरू झाली. नुसतं 'व्हेजिटेरियन' विचारलं की भातात कोंबडीचा रस्सा आहे की नाही हे समोरच्या पोराला प्रत्येक वेळी सुचेलच असं नाही. पान दिसलं की निश्चिंत मागवावं. टेप्पान एडो मी याच कारणाने सोडलं. तिथे आचारी तुमच्या समोरच्या मोठ्या तापलेल्या तव्यावर करून वाढतो. तो खेळ बघण्यासारखा असतो म्हणतात, पण आधी त्याच तव्यावर मांस-मासे झालेले असणार. ज्यांना चालतं त्यांनी जरूर जावं. आमच्या घरात चाललं नसतं, आणि हे मी धरण्याआधी वाचायला हवं होतं.

सनाआबद्दल मात्र मनापासून लिहिते. अ‍ॅनिमल किंगडम लॉज नावाच्या हॉटेलात, किदानी व्हिलेज या भागात ते आहे. मोठ्या काचेच्या खिडक्या आणि पलीकडे कुरण. आम्ही ५ वाजून ४० मिनिटांचं टेबल धरलं होतं. जूनमध्ये तिथे सूर्य आठनंतर मावळतो, त्यामुळे भरपूर उजेड. जिराफ आला, झेब्रे आले, आणि मग लांबलचक, मनगटाएवढ्या नव्हे मांडीएवढ्या जाड शिंगांच्या गायी. आमचे हे शेतकऱ्याच्या घरचे, सासरे यावलकडे केळी करायचे, घरी दोन बैलजोड्या होत्या. त्या गायी दिसल्यावर यांनी जेवण सोडून खिडकीपाशी जाऊन किती वेळ पाहिलं. नातवाला सांगत होते, पोळ्याला अशा शिंगांना बेगड लावायला किती लागेल. तो प्रसंग मी विसरणार नाही.

तिथे पाच प्रकारच्या रोट्या-नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या, लोणची, रायतं असं एक ताट मिळतं. नान, आलं-लसणाचा नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा, आणि सोबत चिंचेची, कोथिंबिरीची, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं. आम्ही दोन ताटं सांगितली, सहाजणांचं त्यातच बऱ्यापैकी भागलं. खानदेशच्या जिभेला तिखट म्हणाल तर मिरचीचा सांबल आणि हिरव्या मिरचीचं लिंबातलं लोणचं, ही दोनच कामाची. पण महिनाभर परक्या चवीत काढल्यावर लसणाचं लोणचं तोंडात गेलं की डोळे मिटतात. हे टेबल मी ६० दिवस आधीच धरेन, आणि उजेडाची वेळ पाहूनच. अंधार पडल्यावर काचेत आपलाच चेहरा दिसतो. ज्यांना जेवायचं नाही त्यांनी नुसतं जनावरं बघायला त्या लॉजवर गेलं तरी चालतं, बघायच्या जागा मोकळ्या असतात.

साय-फाय डाइन-इनच्या वेळी माझी निवड चुकली. हॉटेलाचा त्यात काडीचा दोष नाही. जागा फारच छान, अंधारात चांदण्या, मोटारीत पुढे-मागे बसलेली माणसं, समोर पडदा. चूक वेळेची होती. मी पावणेएकचं टेबल धरलं, कारण आमच्या यांना मधुमेह आहे आणि एकला जेवण लागतं. त्या दिवशी बारा वाजता आम्ही स्लिंकी डॉग डॅश या रोलर कोस्टरच्या रांगेत उभे होतो. ५० मिनिटं झाली, अजून दहा-पंधरा राहिली होती, आणि टेबलाची वेळ झाली. नातवाला रांगेतून बाहेर काढलं. तो रडला नाही, गप्प झाला, आणि जेवताना त्या मोटारीतही गप्पच होता. लेकराने दोन महिने ज्या मोटारीची वाट पाहिली ती त्याला आनंदाने बघता आली नाही. शिवाय धरलेली वेळ म्हणजे घास तोंडात जायची वेळ नव्हे. नाव सांगा, थोडं थांबा, बसा, सांगा, मग ताट येतं; यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. यांना मी टेबलावर बसल्या बसल्या दशमी खायला लावली. ज्यांच्या घरात साखरेचं दुखणं आहे त्यांनी टेबलाच्या वेळेवर गोळीची वेळ बांधू नये, पिशवीत खाणं ठेवावंच.

आणि त्याच दुपारी तीनला आभाळ फाटलं. फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारी असा गडगडाटी पाऊस बरेचदा येतो. वीज चमकायला लागली की उघड्यावरचे पाळणे-गाड्या बंद करतात आणि सगळी माणसं आडोशाला, म्हणजे खाण्याच्या जागांत, धावतात. आम्ही तेव्हा जेवून मोकळे, छत्र्या धरून भिंतीला उभे. हेच टेबल पावणेतीनचं धरलं असतं तर सकाळ पूर्ण पाळण्यांना मिळाली असती, नातवाचा स्लिंकी डॉग झाला असता, आणि पाऊस आम्ही त्या चांदण्यांखाली बसून काढला असता. उन्हाळ्यात उद्यानाच्या आत एकच टेबल धरायचं असेल तर अडीच ते साडेतीनच्या मधलं धरा. या वेळची टेबलं मिळतातही सोपी, कारण जो तो बारा-एकला मागतो.

१३ तारखेला एपकॉटला काहीही धरलेलं नव्हतं. तलावाभोवती अकरा देशांचे विभाग आहेत, भारताचा नाही, याची मला थोडी रुखरुख लागली. तिथे दुपारी सव्वातीनला अ‍ॅपवर 'आत्ता जागा आहे का' ही यादी पाहिली. ही यादी म्हणजे आपल्या रेल्वेचं करंट बुकिंग, गाडी सुटायच्या आधी उरलेल्या जागा देतात ते. जवळपास असाल तरच नाव नोंदवता येतं. इटलीच्या भागातल्या विया नापोलीला नाव टाकलं, ३५ मिनिटांत बोलावणं आलं. तिथे लाकडाच्या तीन भट्ट्या आहेत, तिन्हींना इटलीतल्या ज्वालामुखींची नावं: एटना, वेसुवियो आणि स्ट्रोंबोली. साधा टोमॅटो-चीजचा मोठा पिझ्झा सहाजणांत वाटून खाल्ला. खाली थोडा करपलेला, भट्टीचा वास असलेला, आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याला असतो तसा. दोन महिने आधी धरलं असतं तर याहून चांगलं काय झालं असतं, मला सांगता येणार नाही.

शेफ मिकीजला शेवटच्या सकाळी गेलो. खरं लिहायचं तर जेवण म्हणून तिथे काही विशेष नाही. बटाटे, फळं, ब्रेड, वॅफल, अंडी, आमच्या कामाचं चार-पाच गोष्टींपलीकडे नव्हतं. सहाजणांचं बिल, त्यावर साडेसहा टक्के विक्रीकर, आणि सहाजण असल्याने आपोआप लागणारी १८ टक्के टीप, असं सगळं धरून साडेतीनशे डॉलरच्या वर गेलं, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर. तीन वर्षांखालच्या लेकराचे पैसे घेत नाहीत, तीन ते नऊला मुलांचा दर, दहाव्या वर्षापासून पूर्ण. तीस हजारांत भुसावळात वरण-बट्टीच्या किती पंगती उठतील हे मी मनात मोजलं, नाकारत नाही. पण मिकी, मिनी, डोनाल्ड, गूफी, प्लूटो एकेक करून टेबलापाशी आले. उद्यानात यातल्या एकेकाला भेटायला वेगळ्या रांगा असतात. नातीने मिनीला बिबडी देऊ केली. मिनीने ती दोन्ही हातांत धरून छातीशी लावली. लेक म्हणाली, पैसे वसूल. मलाही तसंच वाटलं. ज्यांची लेकरं साधारण आठ वर्षांच्या आतली आहेत त्यांनी असं एक, एकच, टेबल धरावं. मोठी पोरं असतील तर याच पैशांत सगळ्यांचं दोन-तीन वेळचं काउंटरचं जेवण होतं.

उलट अनुभव उद्यानाबाहेरचा. ९ तारखेला रात्री अटलांटाहून जवळजवळ ७०० किलोमीटर गाडीने येऊन थकलो होतो, म्हणून जावयांनी हमरस्त्यावरच्या एका भारतीय हॉटेलात फोनवर साडेआठची जागा सांगून ठेवली होती. नाव लिहीत नाही. पोहोचलो तर नोंदच नाही, ५५ मिनिटं दारात उभं राहिलो, नात माझ्या खांद्यावर झोपली. कुठे अ‍ॅपमध्ये लेखी उतरणारी जागा आणि कुठे फोनवरचं तोंडी "या, या". या दोन्हींना आपण आरक्षणच म्हणतो, पण त्यांत फरक आहे. मुक्कामाच्या पहिल्या रात्री तर कुठेच टेबल धरू नका. विमान, रस्ता, लेकरांची झोप, काहीच आपल्या हातात नसतं. खिचडीचं पाकीट आणि मायक्रोवेव्ह, तेवढं बस.

आपल्याकडे हॉटेलात टेबल धरायची रीत नाही. शेवभाजी खायची तर उठून जायचं. पण खापरावरचे मांडे हवे असतील तर करणाऱ्या बायांना आधी सांगावंच लागतं, आणि थंडीत रविवारी भरताचा बेत असला की वांगी आदल्या दिवशी सांगून ठेवतो. पोट भरायचं असलं की वेळेवर, आणि त्या एका चवीसाठी किंवा त्या एका जागेसाठी जायचं असलं की आधी. डिस्नेलाही मी हाच हिशेब लावते. जिराफ आणि लसणाचं लोणचं, हे आधी. मिकीला बिबडी, हे आधी. बाकी सगळं भुकेवर आणि लेकरांच्या झोपेवर सोडावं. पुन्हा जायचा योग आला तर पाच रात्रींत मी दोनच टेबलं धरेन, फार तर तिसरं पावसाच्या वेळेचं. आणि दोन्ही एका दिवशी नाही. ही जागा शंभर चौरस किलोमीटरच्या वर पसरलेली आहे, एका उद्यानातून दुसऱ्याच्या टेबलावर पोहोचायला दारातून दारापर्यंत तास मोडतो, हे नकाशावर कळत नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा कुटुंबासह नाताळात जाणार आहे, डिस्नेच्याच हॉटेलात, २२ डिसेंबरला पोहोचतील. तो वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा, तेव्हा माझं "भुकेवर सोडा" तितकंसं चालणार नाही; त्यांना मी तीन टेबलं धरायला सांगितलीत. त्यांची खिडकी २३ ऑक्टोबरला उघडते. अमेरिकेतली घड्याळं यंदा २ नोव्हेंबरला मागे जातात आणि मग तिथले सकाळचे सहा म्हणजे इथले साडेचार होतात, पण २३ ला अजून साडेतीनच. त्या दिवशी भाऊबीज आहे. बहिणीला सांगितलंय, ओवाळणं आणि जेवणं तीनच्या आत उरका, कार्ड हाताशी ठेवा, आणि शेजारी दिनदर्शिका.